बदामीच्या ग्रुप राइडची पंक्चर-पेटी : काय घ्यावं आणि कुणाच्या गाडीवर बांधावं

कोल्हापुरात शनिवार-रविवारची राइड म्हटली की गाड्यांची तोंडं आपसूक कोकणाकडं वळतात. दिवाळी ते शिमगा या दिवसांत मात्र उलट्या दिशेला, लाल दगडाच्या मुलखात जावं. गोकाकच्या आसपास आपला काळा कातळ मागं पडतो आणि कलादगी खोऱ्याचा वालुकाश्म सुरू होतो. याच दगडावरून घटप्रभेनं ५२ मीटरची उडी घेतलीय, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला मलप्रभेनं डोंगर कापून वाट काढलीय, आणि बदामीत तर कड्याच्या पोटातच लेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ.स. ५७८ चा. ग्रुपवर कुणीतरी आंध्रातल्या गंडीकोट्याचं नाव काढतंच. पेन्ना नदीची ती घळ बघण्यासारखीच आहे, पण कोल्हापूरपासून पाचशे किलोमीटरच्या पुढं आहे. दोन दिवसांत ते होत नाही, हट्ट करू नये.

बदामीचं गणित दोन दिवसांत नीट बसतं. जाताना कागल, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा, गोकाक, यरगट्टी, रामदुर्ग आणि हुबळी-विजापूर हायवे ओलांडून बदामी. सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. येताना सौंदत्ती-बेळगाववरून, पावणेतीनशेच्या आसपास. पहाटे साडेपाचला कावळा नाका सोडला तर नाश्ता गोकाकला आणि दुपारचं जेवण बदामीत होतं. या हिशेबात एक ट्यूबवालं पंक्चर आलं की तासभर जातो. दोन आली की दुसऱ्या दिवशीची पट्टदकलची देवळं गेलीच म्हणून समजा. म्हणून इथं परीक्षण आहे ते हॉटेलचं किंवा लेण्यांचं नाही, तर बाजारात मिळणाऱ्या पंक्चर-सामानाचं : सात-आठ गाड्यांच्या ताफ्याला त्यातलं काय उपयोगी पडतं आणि काय नुसतं ओझं होतं.

आधी टायरची यादी करा, मग खरेदी. प्रत्येकाकडून चार गोष्टी लिहून घ्यायच्या : पुढचा-मागचा टायर ट्यूबचा की ट्यूबलेस, टायरवर छापलेलं माप, गाडीला डबल स्टँड आहे का, आणि मागच्या एक्सलच्या नटाला कितीचा पाना बसतो. शेवटचं उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं. घरी पाना लावून बघायला सांगा. तारांच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांना ट्यूब असते, पण आता तारांची काही चाकंही ट्यूबलेस येतात आणि अलॉय व्हील असूनही आत ट्यूब घालून फिरणारे महाभाग आहेत. त्यामुळं चाक बघून अंदाज बांधू नका. टायरवर ट्यूबलेस लिहिलंय का ते वाचा आणि आत ट्यूब टाकलीय का ते मालकालाच विचारा. सगळा ताफा ट्यूबलेस असेल तर पेटी डबा-पार्टीच्या डब्याएवढी होते. एक जरी ट्यूबवाली गाडी असली तरी ओझं दुप्पट होतं. त्या गड्याला टोमणे मारण्यापेक्षा त्याच्याच गाडीवर त्याच्या मापाची ट्यूब बांधा.

आता ट्यूबलेसचं स्ट्रिप किट. दुकानात आणि ऑनलाइन शेकड्यानं प्रकार मिळतात, पण आत सामान तेच : खरखरीत सळीचा रीमर, पुढं नेढं असलेली सुई, चिकट दोऱ्यासारख्या स्ट्रिप, रबर सोल्युशनची छोटी ट्यूब आणि ब्लेड. फरक मुठीत असतो. पेचकससारखी सरळ प्लॅस्टिकची मूठ असलेलं किट घेऊ नका. मोटारसायकलच्या मागच्या टायरचं रबर जाड असतं, सुई आत घालायला अंगाचा भार द्यावा लागतो, तिथं सरळ मूठ तळहातात गरगरते आणि स्वस्तातली असेल तर मुळातून तुटते. इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी, लोखंडी मूठ घ्या. जास्तीचे शे-दीडशे रुपये गेले तर जाऊ देत. सुईचं नेढं पुढं किंचित फाकलेलं असावं. बंद नेढ्याची सुई बाहेर ओढताना स्ट्रिपही सोबत घेऊन येते.

स्ट्रिप घेताना बोटात वाकवून बघा. ताजी स्ट्रिप चिकट आणि मऊ असते. वर्षानुवर्षं दुकानात पडलेली वाकवली की तिला चिरा दिसतात. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की टोपण कितीही घट्ट लावा, काही महिन्यांत आत दगड होतो. किटातली एकच ट्यूब पुरेशी समजू नका. न फोडलेल्या दोन छोट्या ट्यूब ठेवा.

वापरायची रीत सोपी आहे, पण घाई केली की बिघडते. खिळा दिसला की लगेच उपटू नका. आधी भोवती खडूनं गोल करा आणि खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघा. पकडीनं तो सरळ ओढून काढायचा आणि रीमर त्याच कोनात घालायचा. रीमरला सोल्युशन लावून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा; नवख्याला वाटतं भोक मोठं होतंय, पण कडा खरखरीत झाल्याशिवाय स्ट्रिप धरत नाही. स्ट्रिप नेढ्यात बरोबर मध्यावर ओवायची, तिला सोल्युशन लावायचं, आणि दोन्ही टोकं बाहेर सेंटिमीटरभर राहतील इतकंच आत ढकलायचं. मग सुई न पिळता एका झटक्यात बाहेर. बाहेरची शेपटं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. अगदी टायरलगत कापलीत तर रस्ता ती आत ओढतो. हवा भरल्यावर थुंकी लावून बघा, बुडबुडे आले तर दुसरी स्ट्रिप शेजारीच घाला. सगळं मिळून वीस मिनिटं. दहा किलोमीटरवर थांबून परत एकदा हात लावून बघावं.

भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर हा खटाटोप करू नका. तिथं रबर सतत वाकतं, स्ट्रिप टिकत नाही आणि वेगात बाहेर आली तर गाडी हातात राहत नाही. असा टायर म्हणजे छोटा हत्ती बोलवायचा, दुसरा मार्ग नाही. मशरूमच्या आकाराचे प्लग असलेली महागडी किटंही मिळतात. ती नीट बसली तर दिसायला सुबक, पण रेडियल टायरच्या आतल्या स्टीलच्या तारा प्लगची मान कापू शकतात, आणि रस्त्याकडेला घाईत ते बसवणं स्ट्रिपपेक्षा कटकटीचं आहे. ग्रुपसाठी स्ट्रिपच बरी.

खिळा मात्र या वाटेवर दुय्यम शत्रू. खरा वैरी वेड्या बाभळीचा काटा. यरगट्टीपासून पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ही झुडपं माजलीत, आणि फोटोसाठी गाडी डांबरावरून खाली घेतली की वाळलेल्या फांद्या चाकाखाली येतात. काटा आत जाऊन वर मोडतो. बाहेरून काहीच दिसत नाही, हवा सावकाश जाते आणि बदामीच्या लॉजपुढं सकाळी टायर बसलेला सापडतो. म्हणून एक शिस्त लावा : ताफा थांबेल तो डांबराच्या कडेला, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या अंगणात. आणि रविवारी निघण्यापूर्वी सगळ्यांचे टायर थंड असताना हवेचा दाब मोजायचं गेज लावा. ऊन चढलं आणि टायर धावून तापला की आकडा तीन-चार पीएसआयनं वर जातो, त्यामुळं दुपारी मोजलेली हवा फसवी असते. आदल्या सकाळपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी दिसली तर चाक फिरवून काटा शोधायला लागा. काट्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, त्यात स्ट्रिप शिरत नाही. रीमर फिरवून ते मोठं करावंच लागतं, तिथं कच खाऊ नका.

पंपाकडं वळू. यात तीन जाती आहेत. पायानं दाबायचा पंप, बॅटरीला जोडायचा १२ व्होल्टचा पंप आणि मोबाइलसारखा चार्ज होणारा पंप. सायकलवाल्यांच्या कार्बन डायऑक्साइडच्या १६ ग्रॅमच्या नळ्याही काहीजण आणतात. मोटारसायकलच्या मागच्या टायरला अशी एक नळी पुरत नाही, दोन-तीन लागतात, आणि स्ट्रिप गळकी निघाली तर सगळा गॅस वाया. त्या यादीतून काढूनच टाका.

चार्ज होणारा पंप दिसायला देखणा, आकडा सेट केला की आपोआप थांबतो, वायरीची भानगड नाही. एकट्यानं फिरणाऱ्याला हाच घ्या म्हणून सांगता येईल. पण ग्रुपमध्ये त्याची गंमत अशी होते की सकाळी प्रत्येकजण ‘जरा माझी पण बघ’ म्हणून हवा मारून घेतो आणि दुपारी खरं पंक्चर झालं तेव्हा पंपाचा जीव गेलेला असतो. पूर्ण सपाट झालेले दोन-तीन टायर ही त्याची मजल. शिवाय आत लिथियमचे सेल असतात. एप्रिलच्या उन्हात टँकबॅगमध्ये, वरून ऊन आणि खालून इंजिनची धग, अशा जागी ठेवू नका.

सात-आठ गाड्यांसाठी वायरवाला १२ व्होल्टचाच पंप घ्यावा. पण तो घेऊन काम संपत नाही, तिथून सुरू होतं. हे पंप आठ-दहा अँपिअर करंट ओढतात. हँडलवरच्या मोबाइल चार्जरच्या यूएसबी पोर्टवर ते चालणारच नाहीत, तो पोर्ट पाच व्होल्टचा. गाडीला सिगारेट-लायटरसारखं सॉकेट असलं तरी त्याचा फ्यूज बहुधा कमी ताकदीचा असतो. पंप लावला की फ्यूज उडतो आणि मग पंक्चर बाजूला राहून वायरिंग तपासत बसावं लागतं. पंपासोबत मगरीच्या जबड्यासारखे दोन क्लिप येतात, ते थेट बॅटरीला लावायचे. कागदावर सोपं. प्रत्यक्षात बऱ्याच गाड्यांची बॅटरी सीटखाली असते आणि सीटवर बंजीनं आवळलेलं सामान असतं. पाच मिनिटांच्या हवेसाठी आख्खी पथारी रस्त्यावर उतरवावी लागते.

यावर इलाज कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देतो. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची जोडवायर सीटखालून बाहेर काढायची, टोकाला दोन पिनांचं रबरी टोपणवालं कनेक्टर, आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज दुसऱ्या टोकाला बसवून देणारे आहेत, तसं चालवून घेऊ नका. वायर मधे कुठं घासून चॅसिसला टेकली तर टोकाचा फ्यूज काही वाचवत नाही. अशी वायर ताफ्यातल्या निदान दोन गाड्यांना हवी. हवा भरताना त्या गाडीचं इंजिन चालू ठेवा, नाहीतर छोट्या बॅटरीची हवा जाईल. सात-आठ मिनिटं सलग चालवल्यावर पंपालाही तेवढीच विश्रांती द्या. स्वस्त पंपात नळीचं पितळी टोक इतकं तापतं की उघड्या बोटांनी सोडवता येत नाही, ग्लोव्ह घालूनच सोडवा.

एक बारीक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पंपाच्या नळीचं टोक आट्यांचं असतं आणि लांबीला बोटाएवढं. डिस्क आणि आऱ्यांच्या मधे सरळ उभ्या व्हॉल्व्हवर ते फिरवायला जागाच उरत नाही. ९० अंशात वळलेला छोटा अडॅप्टर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो, तो पेटीत हवाच. घरी पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना लावून बघितल्याशिवाय पंप पास करू नका. पंपाच्या अंगावरचं गेजही दोन-तीन पीएसआय खोटं बोलतं. पेन्सिलएवढं वेगळं गेज ठेवा आणि सगळ्या गाड्यांना तेच एक वापरा. आणि ट्यूबलेस टायर पूर्ण बसला असताना ‘पुढच्या गावापर्यंत हळूहळू नेतो’ म्हणणाऱ्याला जागेवर थांबवा. टायर रिमवरून सुटला की या चिमुकल्या पंपाची हवा सगळी कडेनं निघून जाते, टायर परत रिमला चिकटवायला मोठ्या कॉम्प्रेसरचा एकदम झोत लागतो.

पायाचा पंप जड, बेंगरूळ, सॅडलबॅगमध्ये कुठंच नीट बसत नाही. तरी जागा असेल तर न्या. त्याचा फ्यूज उडत नाही.

ट्यूबच्या गाडीसाठी तीन टायर-लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), गाडीच्या मापाची नवी ट्यूब, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, एक्सलचा पाना आणि टाल्कम पावडरची पुडी. मागची १८ इंची आणि पुढची १९ इंची असेल आणि एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढची न्या. अडीनडीला ती मागं भागते, मागची जाड ट्यूब पुढं घालणं जास्त अवघड. ऑनलाइन मिळणारे चकचकीत, छोटे लिव्हर वाकतात. साधारण फूटभर लांबीचे, टोकं गोल घासलेले घ्या. टोकाला धार राहिली असेल तर पॉलिशपेपर मारा, कारण रस्त्यावर नवी ट्यूब मरते ती काट्यानं नाही, लिव्हरच्या चिमट्यानं.

काम करताना दोन जागी हमखास चुकतं. पहिली : जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आत काटा न शोधताच नवी घालणं. मोडका काटा तिथंच असतो आणि नव्या ट्यूबला दहा मिनिटांत तेच भोक पडतं. आतून उघडं बोट फिरवू नका, सुती फडकं फिरवा. फडकं जिथं अडकतं तिथं काटा. दुसरी : टायर परत चढवताना शेवटचा वीतभर भाग ‘जात नाही’ म्हणून लिव्हरवर उभं राहणं. तो जात नाही, कारण समोरची बाजू रिमच्या मधल्या खोल भागात बसलेली नसते. गुडघ्यानं ती बाजू आत दाबा, शेवट व्हॉल्व्हपाशी करा, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा आधीच भरलेली असू द्या. मग तो भाग जवळपास हातानं चढतो. खाली ताडपत्रीचा तुकडा अंथरायला विसरू नका. तिकडची लाल रेती रिमच्या कडेत आणि ट्यूबवर बसते आणि पुढं ट्यूब घासून खाते. डबल स्टँड नसलेल्या गाडीचं मागचं चाक रानात काढणं म्हणजे चौघांनी गाडी तोलून धरणं. यादीतला तो प्रश्न त्यासाठीच होता.

टायरमध्ये आधीच ओतायचं जेल कितीजण सुचवतात. ट्यूबलेसला बारीक काट्यासाठी ते चालतं, पण ट्यूब फाटली तर थांबवत नाही, आणि नंतर आत पॅच मारायचा म्हटलं की पंक्चरवाला तुमच्याकडं ज्या नजरेनं बघतो ती विसरता येत नाही.

आता पेटी कुणाकडं. बहुतेक ग्रुप ती पुढच्या, वाट माहीत असलेल्या गड्याकडं देतात, कारण त्याचीच गाडी मोठी. हे साफ उलटं आहे. पंक्चर झालेली गाडी मागं पडते, पुढं कधीच जात नाही. पुढचा दहा किलोमीटर गेलेला असतो, हायवेवर वळायला डिव्हायडरमधली फट लवकर सापडत नाही, आणि पेटी येईपर्यंत अर्धा तास उन्हात. पेटी शेवटच्या गाडीवर बांधा. शेवटचा गडी हातानं काम करणारा हवा, वायर काढलेली गाडी त्याचीच हवी, आणि त्याला ओलांडून कुणीही मागं राहायचं नाही. ट्यूबवाली गाडी त्याच्या लगेच पुढं. इंटरकॉम पहिल्या आणि शेवटच्याकडं असला तरी पुरे, सगळ्यांनी घ्यायची गरज नाही.

शेवटच्या गाडीला आणखी एक काम असतं, मागून येणाऱ्याला ताफा दाखवायचं. ऊस हंगामात संकेश्वरपासून रामदुर्गापर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना चालतात, त्यामुळं अंधार पडायच्या आत मुक्कामी. रामदुर्गाच्या पुढं गावागावांत ज्वारी, तूर, सूर्यफुलाची कणसं-काडं मळणीसाठी डांबरावरच पसरलेली असतात. त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतंच, आणि काडात काय टोचणारं आहे ते दिसत नाही. बाजूनं, ब्रेकला हात न लावता जा.

बदामीत लेण्यांपाशी गाड्या लावताना पेटीला कापडी पिशवीपेक्षा कुलपाचा डबा बरा. तिथली माकडं चेनची पिशवी सराईतपणे उघडतात. करदंट (सुक्यामेव्याची मिठाई) गोकाकला घेतलाच असेल तर तो पंक्चर-पेटीत ठेवू नका, सोल्युशनचा वास लागतो आणि माकडंही पेटी सोडत नाहीत.

खर्च म्हणाल तर लोखंडी मुठीचं चांगलं किट, वायरवाला पंप, कनेक्टरची वायर आणि वेगळं गेज हे सगळं साधारण तीन हजारांच्या आत-बाहेर बसतं, आठजणांत वाटलं तर माणशी चारशेच्या आसपास. ट्यूब आणि लिव्हरचा खर्च ज्याची गाडी त्याचा. यात पैसे वाचवायचे तर पंपाच्या चकाकीवर वाचवा, सुईच्या मुठीवर आणि फ्यूजवर नको.

परत आल्यावर सोमवारी स्ट्रिप मारलेला टायर रिमवरून उतरवून आतून पॅच मारून घ्या. वापरलेल्या स्ट्रिप मोजून तेवढ्याच नव्या भरा, फोडलेली सोल्युशनची ट्यूब फेकून दुसरी ठेवा, आणि पेटी पुढच्या राइडला जो शेवटचा असणार त्याच्या घरी पोचती करा.